उजवी टाकी

प्रेमदास राठोडला आपल्या साडूचा हेवा वाटतो, हे हिंगोलीच्या एसटी डेपोजवळच्या सगळ्या गॅरेजवाल्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त साडूला. योगेश इतका सरळ माणूस, की समोरचा आपल्यावर जळतो आहे हे त्याच्या डोक्यातच शिरत नसे, आणि त्यामुळं तर प्रेमदासच्या अंगाचा जास्तच तिळपापड व्हायचा. ज्याच्यावर जळायचं त्याला निदान थोडा चटका तरी बसावा! इथं आपणच जळायचं, आपणच राख व्हायचं, आणि तो वर विचारणार, "साडूभाऊ, तब्येत बरी न्हाई का?"

सुरुवातीला असं काही नव्हतं. प्रेमदास औरंगाबादला भांड्यांच्या कारखान्यात काही वर्षं काढून त्र्याण्णव साली गावाकडं परतला, तेव्हा त्याच्या हातात एक विद्या होती. तो गॅसच्या नळीनं ॲल्युमिनियमचा पत्रा जोडायचा. लोखंड काय, कोणीही जोडतं. लोखंड तापलं की लाल होतं, माणसाला सांगून-सवरून वितळतं. ॲल्युमिनियमचा स्वभाव चोरटा. त्याचा रंग बदलत नाही, आहे आहे म्हणता म्हणता ते खाली गळतं आणि पत्र्याच्या जागी भोक उरतं. त्याची नेमकी घटका ओळखणारा माणूस तेव्हा साऱ्या हिंगोलीत एकच होता, आणि तो एकटाच आहे हे प्रेमदास दिवसातून दोनदा तरी स्वतःला सांगत असे.

आधी डेअरीच्या दुधाच्या कॅन आल्या. मग आले किशनराव वकील. वकिली चालो न चालो, या माणसाला जुन्या मोटारींचा भारी नाद. कुठं हैदराबादेत जहागीरदाराच्या तबेल्यात सडत पडलेली गाडी दिसली की हे ती ट्रकवर घालून हिंगोलीला आणणार आणि बायकोचा राग शांत होईपर्यंत कोर्टात बसून राहणार. जुन्या गाड्यांची एक खोड असते. त्यांची पेट्रोलची टाकी लोखंडी, ती आतून गंजते, गंजाची खपली इंजिनात जाते आणि गाडी भर रस्त्यात बसते. नवी टाकी मिळत नाही, कारण ती बनवणारेच केव्हाचे मातीत गेलेले. प्रेमदास जुनी टाकी समोर ठेवायचा, तिचे पुठ्ठे कापायचा, पुठ्ठ्यावरून पत्रा कापायचा, वाळूच्या पिशवीवर लाकडी मोगरीनं ठोकून त्याला पोट आणायचा आणि जोडून टाकायचा. ॲल्युमिनियमची टाकी, गंजायचं नावच नको. किशनरावांच्या नादिष्ट मित्रांमुळं नांदेडची, औरंगाबादची, थेट हैदराबादची कामं त्याच्याकडं यायला लागली. लोक त्याला 'टाकीवाले राठोड' म्हणू लागले, आणि ते नाव त्याला बायकोपेक्षाही प्रिय झालं.

मग सासऱ्यानं साडू धाडला. सासरा म्हणजे बाबूसिंग, कळमनुरीकडच्या तांड्याचा नायक. त्याच्या दोन लेकी, थोरली मिना प्रेमदासला दिलेली, धाकटी रुपा योगेशला. योगेश कुरुंद्याला हळद शिजवायच्या लोखंडी कढया सांधायचा. वर्षातून दोन-तीन महिने काम, बाकी बोंब. बाबूसिंग म्हणाला, "जावईबापू, धाकट्याला हाताखाली घ्या. घरचाच हाय." नायकाचा शब्द, त्यातून सासऱ्याचा. प्रेमदासनं घेतलं.

आणि शिकवलंही. पत्र्यावर साबणाची रेघ ओढायची, खालून ज्योत फिरवायची, रेघ काळी पडली की पत्रा नरम झाला असं समजायचं, हे शिकवलं. नळी किती कलती धरायची, टाकीच्या आतला आडवा पडदा कुठं बसवायचा, हेही शिकवलं. मांजरीनं वाघाला सगळं शिकवलं, झाडावर चढणं तेवढं शिकवलं नाही, असं आपल्याकडं सांगतात. प्रेमदासनंही एक गोष्ट हातची राखली.

ती गोष्ट साधी होती. ॲल्युमिनियम जोडताना सांध्याला एक पांढरी पावडर लावावी लागते, तिच्याशिवाय जोड धरत नाही. ही पावडर म्हणजे खारच. जोड झाला की तिचं काम संपतं, पण ती तशीच आत राहिली तर दमट हवेत पाणी ओढते आणि हळूहळू पत्रा खाते. म्हणून टाकी झाली की आतून कढत पाण्यानं धुवायची, मग चिंचेच्या पाण्यानं, मग पुन्हा कढत पाण्यानं. शेवटच्या पाण्याचा थेंब जिभेवर घ्यायचा. खारट लागला, पुन्हा धुवायचं. हे सगळं प्रेमदास दुकानात करत नसे. "उन्हात तापवायला घरी नेतो," म्हणून तो टाकी सायकलवर बांधून घरी न्यायचा आणि परसात मिना चुलीवर पाणी ठेवायची.

योगेशनं हे ऐकलं आणि त्यातून त्याला जे समजायचं ते समजलं. तोही आपली टाकी झाली की इमानेइतबारे उन्हात ठेवायला लागला, दर तासाला कूस बदलायचा. धुवायचं त्याच्या मनातही आलं नसतं. लोखंडात हात काळे केलेला माणूस तो. पेट्रोलच्या टाकीत पाण्याचा थेंब जाऊ देणं म्हणजे त्याच्या लेखी पाप. तो टाकी रॉकेलनं खळखळून घ्यायचा, आणि रॉकेलमध्ये तो खार काही विरघळत नाही. प्रेमदासला हे दिसत होतं. पण तोवर योगेशकडं किरकोळ कामंच असायची, त्यांची शेवटची धुलाई प्रेमदास काहीतरी निमित्त काढून स्वतः करून टाकायचा. सांगू पुढं कधीतरी, असं तो मनाशी म्हणे.

ते 'पुढं कधीतरी' आलंच नाही, कारण मधे योगेशचा हात बसला. आणि असा बसला, की प्रेमदासचा सांधा जिथं मुंगळ्यांच्या रांगेगत दिसे तिथं योगेशचा सांधा दिसायचाच नाही. किशनरावांनी एकदा त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "अरे, जोड आहे कुठं?" प्रेमदास शेजारीच उभा होता. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

तांड्यावरही तेच. पूर्वी सासुरवाडीला मटण शिजलं की नळीचं हाडूक थोरल्या जावयाच्या ताटात पडायचं. त्या वर्षीच्या दसऱ्याला बाबूसिंगनं ते उचललं आणि योगेशच्या ताटात टाकलं. "खा, हाताला ताकद पायजे तुमच्या," म्हणाला. योगेशनं ते लगेच प्रेमदासपुढं धरलं, "साडूभाऊ, तुमी घ्या." आता हे घ्यावं तर भीक, न घ्यावं तर उपास. प्रेमदासनं नाही म्हटलं आणि योगेशनं ते ताटावर आपटून सगळ्यांदेखत चोखलं. त्या आवाजाची प्रेमदासला पुढं कित्येक दिवस आठवण येत राहिली.

घरी आल्यावर मिना म्हणाली, "हाडकासाठी तोंड पाडून बसले काहून? बाजारात का मिळत न्हाई नळी?"

"तुला न्हाई कळायचं."

"मला लई कळून राहिलं," मिना म्हणाली आणि आत गेली.

अशात ती जग्वार आली. पन्नास-बावन्न सालची, राखी रंगाची, पुढच्या दिव्यांचे डोळे वटारलेली. हिचं वैशिष्ट्य असं, की हिला दोन टाक्या. मागच्या चाकांवर डावीकडं एक आणि उजवीकडं एक, दोन्हींची झाकणं वेगळी, आणि पुढं चालवणाऱ्यापाशी एक बटण. ते इकडं केलं की डाव्या टाकीतलं पेट्रोल, तिकडं केलं की उजव्या. किशनराव खुशीत म्हणाले, "दोन टाक्या, दोन साडू. एक-एक करा."

प्रेमदासला हे मुळीच रुचलं नाही. आजवर गाडी त्याची असायची आणि योगेश हाताखाली असायचा. आता एकाच गाडीत दोघांचं काम, समोरासमोर, वजनकाट्याच्या दोन पारड्यांत ठेवल्यासारखं. पत्रा त्यानं स्वतः नांदेडहून आणला, एकच मोठा, दोन्ही टाक्यांना पुरेल असा. जुन्यांपैकी डावी टाकी धड होती, तिच्यावरून माप घेणं सोपं, म्हणून थोरलेपणाचा हक्क सांगून डावी त्यानं घेतली. उजवीचा पार चुरा झाला होता. योगेशनं डावीचेच पुठ्ठे उलटे करून उजवी बनवायची होती. त्याला काही जमायचं नाही, अशी प्रेमदासला आशा होती, आणि माणूस आशेवर जगतो.

जमलं. नुसतं जमलं नाही तर असं जमलं, की रंगाच्या आधी दोन्ही टाक्या दुकानाबाहेर ठेवल्या तेव्हा डेपोतले ड्रायव्हर चहा सोडून बघायला आले. डावी टाकी चांगली होती. उजवी मात्र पाहत राहावी अशी होती. प्रेमदासनं आपली घरी नेली, धुतली, वाळवली. योगेशची टाकी तेवढ्या दिवसांत उन्हात होती. धुवायला मागावी, निमित्त काढावं, हे प्रेमदासच्या मनात आलं, नाही असं नाही. पण त्याच वेळी किशनराव येऊन तिच्यावरून हात फिरवत होते, म्हणत होते, "हिच्यात तोंड दिसतं रे!" प्रेमदासचे ओठ शिवल्यासारखे झाले. एवढी हुशारी आहे ना, मग कळू दे याचं यालाच, असं तो मनात म्हणाला आणि सायकलवर टांग मारली.

टाक्या रंगवून गाडीत बसल्या तेव्हा उन्हाळा सरत होता. पाऊसकाळ गेला, दसरा-दिवाळी झाली. बाबूसिंगच्या धर्मसिंगचं, म्हणजे दोघा साडूंच्या मेव्हण्याचं लग्न ठरलं आणि किशनरावांनी आपण होऊन शब्द दिला, की नवरदेवाची वरात जग्वारमधून निघेल. बाबूसिंगनं त्यांची कसली तरी जमिनीची साक्ष दिली होती, त्याची ही परतफेड. सगळ्या तांड्यात त्या गाडीचीच बोलणी. आणि बोलणी म्हणजे काय, तर योगेशची टाकी.

लग्न तोंडावर आलं तेव्हा प्रेमदास एका दुपारी किशनरावांच्या घरी गेला. कशाला? तर उजवी टाकी बघायला. एखादा तरी पोचा पडलेला असेल, कुठं तरी रंग उडालेला असेल, तेवढंच समाधान. तो गाडीखाली पाठीवर आडवा झाला आणि उजव्या बाजूला सरकला. टाकीच्या खालच्या सांध्यावर काळ्या रंगातून पांढरा भुरका वर आला होता. भिंतीला लोणा लागतो तसा. त्याच्याखाली रंग ओला होता.

पहिल्यांदा त्याला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. चांगला भरभरून आनंद झाला. सापडला! त्यानं बोट लावलं, बोट जिभेवर ठेवलं. खारट लागलं, आणि मागून पेट्रोलचा वास आला. मग मात्र त्याला गाडीखाली पडल्या पडल्या घाम फुटला. खार पत्रा खाऊन आरपार बाहेर आला होता. आज नुसता ओलावा होता. चार खड्ड्यांतून गाडी गेली की तिथं धार लागणार होती. वरातीत पुढं-मागं फटाके उडणार, गॅसबत्त्या धरलेली माणसं गाडीला खेटून चालणार, आत नवरदेव धर्मसिंग, आणि करवली म्हणून मागच्या सीटवर, अगदी त्या टाकीला पाठ लावून, रुपा आणि तिचं लेकरू.

तो बाहेर आला तर ओसरीवर किशनराव, बाबूसिंग आणि योगेश तिघंही बसलेले. सासरा लग्नाचं निमंत्रण घेऊन आला होता, योगेश त्याला सोडायला. प्रेमदास म्हणाला, "वकीलसाहेब, उजवी टाकी काढा. ती गळून राहिली."

योगेश घाबरून उठला, वाकून बघून आला. "साडूभाऊ, धूळ हाय ती. पुसली म्या. चांगली हाय."

"धूळ न्हाई. आत पावडर राहिली. ती टाकी कढत पाण्यानं धुवा लागते."

"पाण्यानं?" योगेश म्हणाला. "पेट्रोलच्या टाकीत पाणी?"

किशनरावांनी बाबूसिंगकडं पाहिलं आणि दोघंही हसले. काही वाईट हसले नाहीत, घरातल्या हट्टी लेकराला हसावं तसे हसले. प्रेमदास घाईघाईनं म्हणाला, "बरं, धुवू नका. पण वरातीत उजवीत पेट्रोल भरू नका. डाव्या टाकीवरच चालवा."

आता तर किशनरावांना उचकी लागेपर्यंत हसू आलं. "म्हणजे तुझ्याच टाकीवर! वा रे पठ्ठ्या!"

बाबूसिंगनं मात्र हसू आवरलं. तो उठून जवळ आला, जावयाच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "जावईबापू, धाकट्याचं नाव व्हतंय तर होऊ द्या ना. इतकी काहून तकलीफ करून घेता?"

प्रेमदासला तिथल्या तिथं धरणी दुभंगावी असं झालं. आयुष्यात पहिल्यांदा तो योगेशच्या कामाबद्दल खरं बोलला होता आणि त्याची आजवरची जळजळ त्या खऱ्याच्या आड येऊन उभी राहिली होती.

घरी येऊन त्यानं मिनाला सांगितलं. तिनं भाकरी थापायची थांबवली. "तुमी योगेसला धुवायचं शिकवलं न्हाई?"

प्रेमदास चुलीतलं लाकूड उगाच आत सारायला लागला.

"म्या इतकं पाणी तापवलं, इतक्या चिचा कोळल्या, मला वाटलं तो त्याच्या घरी करत असंल. रुपीनं मला कधी इचारलं न्हाई, म्या कधी बोलली न्हाई." ती हाताचं पीठ झटकत उभी राहिली. "माझी बहीण बसणार हाय त्या गाडीत. काय बी करा, पण ती टाकी काढा. मी रुपीला सांगू का, ह्यांनी शिकवायचं राखून ठेवलं म्हणून?"

"तू सांगून कोण ऐकंल? म्हणतील नवऱ्यानं पढवली."

"मंग तुमी असं काही बोला, जे ते ऐकतील."

त्या रात्री प्रेमदास अंथरुणात हाच हिशोब मांडत राहिला. आपलं काय बोललेलं लोक ऐकतील? योगेशबद्दल वाईट बोललेलं कोणी ऐकणार नव्हतं. मग कोणाबद्दल वाईट बोलायचं राहिलं? उत्तर त्याला केव्हाच कळलं होतं. ते घशाखाली उतरत नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तो कोर्टाच्या आवारात गेला आणि चार वकिलांच्या देखत किशनरावांना म्हणाला, "साहेब, माझी चूक झाली. पत्रा म्या भंगारातला आणला होता. नवा म्हणून सांगितला. दोन्ही टाक्यांना तोच हाय. लग्नात धोका नको, दोन्ही काढून द्या. म्या नीट करून देतो."

हे मात्र लगेच पटलं. माणूस स्वतःची लाज सांगतो तेव्हा कोणी शंका घेत नाही. किशनराव खुर्चीतून उठले. जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणाले, "तरी म्हटलं, योगेशच्या टाकीत खोट कशी? तुझ्या पत्र्यात होती! आणि काल त्याच्यावर ढकलत होतास?"

प्रेमदासनं मान खाली घातली. टाक्या उतरवल्या गेल्या, पेट्रोल काढलं गेलं, आणि दोन्ही टाक्या त्याच्या परसात आल्या. त्यानं उजव्या टाकीच्या सांध्यात आरीचं टोक टेकवलं, जोरही दिला नाही, आणि टोक आत गेलं. मिना बघत होती. तिनं चूल पेटवली.

टाकीत पेट्रोलचा वाससुद्धा उरू नये म्हणून आधी कढत पाण्यानं तिला काठोकाठ भरून ठेवलं, ओतून पुन्हा भरलं. मग खाल्लेला पट्टा कापून त्यानं नवा बसवला. बसवताना एक मोह झाला. आपल्या हातानं, आपल्या पद्धतीनं, जाडजूड सांधा घालावा, म्हणजे जाणकाराला दिसेल की इथं प्रेमदासचा हात लागला आहे. पण मग लोक विचारतील, की एवढा पट्टा उजवीतच का? म्हणून त्यानं श्वास रोखून, नळी अगदी कलती धरून, जीव ओतून योगेशसारखा सांधा घातला. आयुष्यातला सगळ्यात चांगला सांधा. तो कुणाला दिसू नये म्हणून त्यावर स्वतःच काळा रंग मारला. धुतलेल्या पाण्याचा थेंब त्यानं जिभेवर घेतला, मिनानंही घेतला. गोडं पाणी. डावीला काही करायचं नव्हतंच, तरी तीही धुवून ठेवली.

हिंगोलीत बातमी पसरायला पेपर लागत नाही. राठोडनं भंगाराचा पत्रा लावला, हे डेपोतल्या कँटीनपासून नांदेडच्या जुन्या गाडीवाल्यांपर्यंत पोचलं. हैदराबादचा एक शौकीन चार गाड्यांच्या टाक्या करून घेणार होता. त्यानं किशनरावांना कळवलं, की काम योगेशला द्या आणि पत्राही त्यालाच आणू द्या. 'टाकीवाले राठोड' हे नाव आता दुसऱ्या राठोडला लोक लावायला लागले, कारण योगेशही राठोडच. पाटी बदलायचा खर्चसुद्धा आला नाही.

वरात झोकात निघाली. जग्वारला झेंडूच्या माळा, पुढं हलगी, आणि फटाके तर असे, की धुरात गाडी दिसेना. प्रेमदास उजव्या मागच्या चाकाच्या बाजूनं चालत होता. कोणी म्हटलं, पुढं या नाचायला, तर त्यानं मान हलवली. तो सारखा खाली रस्त्यावर बघत होता. रस्ता कोरडा होता. मागच्या काचेतून रुपाच्या लेकरानं त्याला हात केला, त्यानंही केला. किशनराव गाडी चालवता चालवता ओरडले, "आता उजवी टाकी!" आणि बटण फिरवलं. इंजिनाचा आवाज तसूभर बदलला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या योगेशला होत्या.

मांडवात बाबूसिंगनं योगेशला फेटा बांधला. मग रीत म्हणून प्रेमदासलाही बांधला, पण टोपीवर टोपी ठेवावी तसा घाईनं. फेटा बांधल्यावर योगेश उभा राहिला आणि त्या गर्दीत मोठ्यानं म्हणाला, "मला जे येतं ते सगळं साडूभाऊंनी शिकवलं. पत्र्यात चूक झाली असंल, पण शिकवताना ह्या माणसानं हातचं काही राखलं न्हाई."

लोकांनी माना डोलावल्या. प्रेमदासनं इतकी वर्षं ज्या शब्दांची वाट पाहिली होती ते हेच होते, आणि ते कानात शिशासारखे उतरले. तो उठला, योगेशचं मनगट धरलं आणि त्याला मांडवाबाहेर गाडीमागं नेलं.

"राखलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"टाकी धुवायची असते. कढत पाण्यानं, चिचेच्या पाण्यानं. त्या दिवशी म्या सांगितलं ते खरं होतं. तुझ्या टाकीला भोक पडलं होतं. म्या सांधलं. पत्रा नवाच होता."

 योगेशच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. घरी नेलेल्या टाक्या, पांढरी धूळ, कोर्टातली कबुली. प्रेमदास थांबला होता. आता तरी हा चिडेल, शिवी देईल, निदान हात तरी झटकून टाकेल. चिडला असता तर दोघं बरोबरीत आले असते.

"मुद्दाम राखलं?" योगेशनं विचारलं.

"मुद्दाम."

"तुमी राखलं असंल, तर काही इचार करूनच राखलं असंल," योगेश म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "पण माझ्यापायी तुमी एवढी बदनामी घेतली? माझी रुपा, माझं लेकरू होतं आत. मी आत्ताच्या आत्ता मांडवात जाऊन सांगतो. मामांना सांगतो, वकीलसाहेबांना सांगतो. सगळं सांगतो."

सांग! प्रेमदासच्या छातीत नुसती हलगी वाजायला लागली. सांग, मोठ्यानं सांग, हैदराबादवाल्यालाही कळव. पण असं तोंडानं कसं म्हणायचं? पंगतीत लाडू वाढायला आला की माणूस ताटावर हात आडवा धरतो, पोट भरलं म्हणून नाही, वाढणाऱ्यानं आग्रह करावा म्हणून. तसाच प्रेमदासनं हात आडवा धरला.

"नको," तो म्हणाला. "कोणाला काही सांगू नको."

"शपथ?"

"...शपथ."

योगेशनं खाली वाकून त्याच्या पायांना हात लावला आणि डोळे पुसत मांडवात गेला. प्रेमदास गाडीला टेकून उभा राहिला. आता आतून गलका होईल, आता बाबूसिंग धावत बाहेर येईल, आता किशनराव स्वतःचे कान पकडतील. त्यानं फेटासुद्धा नीट केला. आतून फक्त जेवणाच्या पानांचा आवाज आला.

पुढं योगेशनं डेपोसमोर मोठं दुकान घातलं. मागं टाक्या धुवायला हौद बांधला, तिथं चुलीवर पाणी सतत उकळत असतं, आणि ही युक्ती कोणाची असं गिऱ्हाइकानं विचारलं तर तो नुसता हसतो. मिनानं दोन-चारदा रुपाला सांगायला तोंड उघडलं, तर प्रेमदासनंच शपथ आठवून तिला गप्प केलं. त्याच्याकडं दुधाच्या कॅन अजून येतात. रोज सकाळी दुकान उघडताना तो समोर बघतो, की आज तरी याची जीभ घसरेल, आज तरी हा कोणाजवळ बोलून जाईल.

पण योगेश शब्दाचा पक्का निघाला. त्यानं आजतागायत कोणाला एक अक्षर सांगितलेलं नाही. इतका चांगला साडू देवानं वैऱ्यालाही देऊ नये.